विजयदुर्गचे कट्टे आणि गोठलेला आर्गॉन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा भाचा चार मित्रांसह कोकणात जाऊन आला. तो नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम करतो. न गंजणाऱ्या पोलादाच्या टाक्या जोडणे हे त्याचे काम, आणि त्या जोडकामास तेथील कारागिरांच्या भाषेत ‘आर्गन वेल्डिंग’ असे म्हणतात. सातपूर-अंबडच्या रस्त्यांवर या दोन शब्दांच्या पाट्या इतक्या दिसतात की, आर्गन हे एखाद्या हत्याराचे किंवा कंपनीचे नाव असावे असे परगावच्या मनुष्यास वाटावे. वस्तुतः तो एक वायू आहे, आणि आपण प्रत्येक श्वासाबरोबर तो आत घेतो व जसाच्या तसा बाहेर सोडतो.

भाचा परत आला तो विजयदुर्गाची हकीकत घेऊन. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून काही ओटे दाखवितात. १८६८ सालच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियर नावाच्या इंग्रज ज्योतिर्विदाने त्यांवर दुर्बीण ठेवून हेलियम वायू शोधून काढला, असे त्यास तेथे कळले. एवढे सांगून त्याने आम्हांस विचारले, “मामा, हेलियम विजयदुर्गावर सापडला, मग आमचा आर्गन कोणत्या किल्ल्यावर सापडला?”

प्रश्न थट्टेचा होता, परंतु तो आमच्या डोक्यातून जाईना. काही वस्तू दृष्टीस पडतात म्हणून सापडतात आणि काही केवळ मोजल्या म्हणून सापडतात. पहिल्या प्रकारच्या शोधाला किल्ला, ग्रहण, दुर्बीण असा थाट लाभतो. दुसऱ्या प्रकारच्या शोधाला तळघरातील काचेची नळी आणि पाऱ्याची उंची एवढेच मिळते. आर्गॉन व त्याचे बंधू हे दुसऱ्या प्रकारात येतात, आणि जरा खोलात गेल्यास हेलियमही त्याच प्रकारात येतो.

प्रथम विजयदुर्गाचा निकाल लावू. दिनांक १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या ग्रहणाची छाया कोकणच्या किनाऱ्यावरून दक्षिण महाराष्ट्रातून पूर्वेस गुंटूर-मच्छलीपट्टणकडे गेली, हे खरे. पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात त्या दिवशी लेफ्टनंट जॉन हर्शेल याने ढगांच्या फटींतून सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि त्यात त्यास तांबडी, नारिंगी व निळी अशा तेजस्वी रेषा दिसल्या. गुंटूर येथे फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन होता. त्यास त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की, दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या शोधून काढल्या. परंतु ती पिवळट-नारिंगी रेषा मिठातील सोडियमची असावी असा समज होता. लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हताच. तो इंग्लंडात होता; २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने लंडनहूनच, ग्रहणावाचून, त्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातील पिवळी रेषा सोडियमच्या रेषांवर बसत नाही, किंचित बाजूस पडते, हे त्यापुढील मोजणीने ठरले. आजच्या मापाने सोडियमच्या दोन रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर येतात आणि ही रेषा ५८७.६ वर. एवढ्या अंतरासाठी एक नवे मूलद्रव्य मानावे लागले. म्हणजे हेलियमच्या जन्मकथेतही डोळ्यापेक्षा मोजपट्टीचा हात अधिक.

मग विजयदुर्गकरांची कथा निराधार काय? तसे मुळीच नाही. लॉकियर विजयदुर्गास खरोखर आला होता, परंतु तीस वर्षांनी. दिनांक २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण झाले आणि त्याची छाया नेमकी विजयदुर्गावरून आत शिरून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरवरून वऱ्हाडाकडे गेली. विजयदुर्गावर लॉकियरची तुकडी उतरली होती, जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे घेऊन गेले होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोकही तेथेच होते. मुंबई इलाख्यावर तेव्हा प्लेगाचे सावट होते. लोकस्मृतीने दोन ग्रहणे एकत्र केली, आणि हेलियमशी जोडले गेलेले लॉकियरचे नाव त्या ओट्यांवर येऊन बसले. लोकस्मृतीचा हा दोष क्षम्य आहे, कारण नाव खरे आहे, जागा खरी आहे आणि चूक केवळ सालाची आहे.

आमच्या विषयास हे १८९८ साल फार उपयोगी पडते. कारण जानेवारीत लॉकियर विजयदुर्गावर आकाश पाहत होता आणि त्याच वर्षाच्या मे ते जुलै या तीन महिन्यांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रॅम्झे व त्याचा तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी तीन नवी मूलद्रव्ये हवेतून बाहेर काढली: क्रिप्टॉन, निऑन व क्झेनॉन. आर्गॉन तत्पूर्वीच, १८९४ साली, सापडला होता. त्याची कथा सर्वश्रुत असली तरी दोन आकड्यांत सांगण्याजोगी आहे. लॉर्ड रॅले यास हवेतून काढलेल्या नायट्रोजनच्या एका लिटरचे वजन १.२५७२ ग्रॅम आढळे आणि रासायनिक संयुगांतून काढलेल्या नायट्रोजनचे १.२५०५ ग्रॅम. फरक दोनशे भागांत जेमतेम एक भाग. दुसरा कोणी असता तर त्याने काट्यास दोष देऊन स्वस्थ झोप घेतली असती. रॅले झोपला नाही, आणि रॅम्झेसह त्याने दाखविले की हवेत शंभरात सुमारे एक भाग असा एक वायू आहे की जो कशाशीही संयोग पावत नाही. त्यांनी त्याचे नाव ‘आळशी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ठेवले. तप्त पोलादास तो शिवत नाही, म्हणूनच आमच्या भाच्याच्या उपयोगी पडतो.

आता अडचण अशी की, जो कशाशीच संयोग पावत नाही त्याची ओळख पटवावी कशी? रसायनशास्त्रज्ञ एखाद्या पदार्थास ओळखतो तो त्याच्या सोयरिकीवरून. अमुक अम्लाशी अमुक क्षार देतो, इतक्या प्रमाणात मिसळतो इत्यादि. येथे सोयरीकच नाही. उरतात त्या केवळ शारीरिक खुणा: वजन, वर्णपट, आणि थंडीत त्याची वागणूक. यांपैकी शेवटची खूण म्हणजे बाष्पदाब, आणि या निबंधाचा खरा विषय तोच.

बाष्पदाब म्हणजे काय हे समजण्यासाठी देवघरापर्यंत गेले तरी पुरे. कापराची वडी उघडी ठेवली तर न वितळताच झिजते आणि काही दिवसांनी नाहीशी होते. घट्ट झाकणाच्या डबीत मात्र ती टिकते. कारण डबीतील मोकळ्या जागेत कापराची वाफ एका ठराविक दाबापर्यंत साठली म्हणजे जेवढे कण वडीतून बाहेर पडतात तेवढेच परत येऊन बसतात. हा ठराविक दाब म्हणजेच त्या उष्णमानाला कापराचा बाष्पदाब. (डबीत मिरे टाकण्याची आपल्या घरांतील चाल यास कितपत साहाय्य करते, हा प्रश्न आम्ही गृहिणींवर सोपवितो.) तो डबी लहान की मोठी, वडी एक की दहा, यांवर अवलंबून नाही, केवळ पदार्थ कोणता आणि उष्णमान किती, यांवर आहे. गोठलेला आर्गॉन म्हणजे एक प्रकारचा कापूरच समजावा. मात्र त्याची डबी शून्याखाली एकशे नव्वद अंशांच्या घरात ठेवावी लागते.

या गुणधर्मात शुद्धतेची एक कसोटी दडलेली आहे. कुपीतील वायू थंड करून द्रव अथवा घन होऊ लागला की उष्णमान स्थिर ठेवून त्याची जागा कमी करीत जावे. पदार्थ एकच असेल तर दाब तसूभरही वाढत नाही. वायू निमूटपणे घनरूपात जाऊन बसतो. परंतु दोन पदार्थांची भेसळ असेल तर पारा हळूहळू चढू लागतो. त्याचप्रमाणे आरंभी उडणारा भाग वेगळा काढून आणि शेवटी उरणारा भाग वेगळा काढून दोहोंचे दाब मोजावेत. ते सारखे भरले तर वस्तू एक, नाहीतर दोन. ज्याला कोणतेही अम्ल बोलते करू शकत नाही त्याची जबानी पारा घेतो.

ही जबानी घेणे मात्र सोपे नव्हते. पहिला प्रयत्न पोलंडातील क्रॅको येथे ओल्शेव्स्की याने १८९५ साली केला. रॅम्झेने त्यास तीनशे घनसेंटिमीटर आर्गॉन काचेच्या पात्रात बंद करून पाठविला होता, म्हणजे आपल्या घरातील दोन-तीन पेल्यांत मावेल इतका. एवढ्या वायूवर त्याने त्याचे द्रवीभवन, उत्कलन व गोठण ही तिन्ही मोजली: उत्कलनबिंदू शून्याखाली १८७.० अंश, गोठणबिंदू शून्याखाली १८९.६. आज मान्य असलेले आकडे अनुक्रमे १८५.९ व १८९.३ असे आहेत. पत्रासोबत आलेल्या मूठभर वायूवर, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, अंशाच्या इतक्या जवळ पोहोचणे ही कारागिरी लहान नव्हे.

रॅम्झे व ट्रॅव्हर्स यांची पद्धत मुळात साधी होती. काचेची लहान कुपी, तिला बारीक नळी, नळीच्या टोकाला पाऱ्याचा दाबमापक. कुपी द्रवरूप हवेत बुडवावयाची आणि द्रव हवा ड्यूअरच्या निर्वात पात्रात ठेवावयाची. आज आपण ज्यात चहा नेतो त्या थर्मासचा हा पूर्वज. त्याहून अधिक थंडी हवी असल्यास पात्रातील द्रवावरची वाफ पंपाने उपसावयाची. माठातील पाणी झिरपून गार होते तोच न्याय. परंतु साधेपणात सगळी मेख होती. पात्राच्या तळाशी आणि वरच्या पातळीवर उष्णमान एकसारखे राहत नाही. गोठलेला पदार्थ द्रवासारखा ढवळता येत नाही, त्यामुळे त्याचा गाभा आणि त्याची कड यांचे उष्णमान एक व्हावयास बराच वेळ थांबावे लागते. कुपीपेक्षा नळीचा एखादा भाग अधिक थंड झाला की वायू तेथेच जाऊन गोठतो, आणि पारा भलत्याच जागेचे उष्णमान सांगू लागतो. शिवाय उष्णमान स्वतः कशाने मोजावे हा प्रश्न होताच, कारण त्या थंडीत पाऱ्याचा तापमापक दगड होऊन बसतो. त्यासाठी हायड्रोजन किंवा हेलियम भरलेला वायुतापमापक लागे. ट्रॅव्हर्सने पुढे सेंटर व झाकरो या सहकाऱ्यांसह १९०२ साली द्रव ऑक्सिजन व द्रव हायड्रोजन यांचे बाष्पदाब आणि नीच उष्णमानाचे मापन यांवर जे काम प्रसिद्ध केले, ते याच अडचणीतून निघालेले आहे.

मिळालेले फळ मात्र श्रमाच्या तोडीचे होते. द्रव नायट्रोजनच्या उत्कलनबिंदूवर, म्हणजे शून्याखाली १९५.८ अंशांवर, आर्गॉन गोठलेला असतो, तरीही त्याच्यावर सुमारे २०५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. त्याच थंडीत क्रिप्टॉनचा दाब दोन मिलिमीटरही भरत नाही, आणि क्झेनॉनचा तर मिलिमीटराच्या हजाराव्या भागाच्या घरात जातो. या तीन आकड्यांतच शोधाची सगळी युक्ती आहे. मिश्रण थंड करून पंप चालू केला की आर्गॉन निघून जातो, क्रिप्टॉन मागे रेंगाळतो आणि क्झेनॉन पात्राच्या काचेला चिकटून बसतो. हवेच्या दहा लाख भागांत क्रिप्टॉनचा भाग जेमतेम एक आणि क्झेनॉनचा त्याच्याही दहाव्या हिश्शाहून कमी. तरी ते हाती लागले ते या फरकामुळे. उलट बाजूस निऑन. तो द्रव हवेत गोठत नाही, म्हणून हेलियमपासून सुटत नाही. त्यासाठी ट्रॅव्हर्सने द्रव हायड्रोजनचे यंत्र स्वतः बांधले. त्या थंडीत निऑन गोठतो व हेलियम वायूच राहतो.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८९८ च्या उन्हाळ्यात या दोघांनी तीन नव्हे, चार नवी मूलद्रव्ये जाहीर केली होती. चौथ्याचे नाव मेटार्गॉन. आर्गॉन द्रवरूप केल्यावर मागे एक पांढरा घन पदार्थ उरे. त्याचा वर्णपट निराळा दिसे. म्हणून तो नवा मानला. घोषणा होताच जाणत्या लोकांनी शंका काढली की, हा वर्णपट कार्बनच्या ओळखीच्या वर्णपटासारखा आहे. पुढे कारण सापडले. ऑक्सिजन काढून टाकण्यासाठी जो फॉस्फरस जाळला होता त्यातच कार्बन होता, आणि त्याच्या संयुगांनी हे सोंग आणले होते. ‘आर्गॉन आणि त्याचे सोबती’ या १९०० सालच्या अखेरीस रॉयल सोसायटीस सादर केलेल्या निबंधात रॅम्झे-ट्रॅव्हर्स यांनी आर्गॉन, क्रिप्टॉन व क्झेनॉन यांचे बाष्पदाब दिले आणि मेटार्गॉन मागे घेतला. आमच्या मते त्या निबंधातील सर्वांत मोलाचा भाग हाच. तीन सोबत्यांना पाऱ्याने साक्ष दिली व चौथ्याला दिली नाही, आणि ज्यांनी त्याचे बारसे केले त्यांनीच त्याचे नाव पुसले. विजयदुर्गावर व जेऊरवर जे लोक ग्रहण पाहावयास गेले होते तेही सूर्याच्या प्रभामंडळातील एका हिरव्या रेषेच्या मागे होते. त्या रेषेवरून ‘कोरोनियम’ नावाचे मूलद्रव्य गृहीत धरले होते आणि ते १९४० च्या सुमारापर्यंत पुस्तकांतून नांदले. शेवटी ती रेषा अतितप्त लोखंडाची निघाली. मेटार्गॉनचे आयुष्य दोनअडीच वर्षांचे. कोरोनियमचे सत्तर वर्षांचे. मेटार्गॉन पात्रात बंद करून पुन्हा पुन्हा तपासता आला, कोरोनियम आला नाही, एवढाच काय तो भेद.

तथापि या दोघा मोजणाऱ्यांचीही सर्व मापे खरी ठरली असे समजू नये. द्रवांचे उत्कलनबिंदू त्यांना चांगले साधले: आर्गॉनचा शून्याखाली १८६.१ (आज १८५.९), क्रिप्टॉनचा १५१.७ (आज १५३.२), क्झेनॉनचा १०९.१ (आज १०८.१). परंतु गोठणबिंदूंकडे आले की चित्र पालटते. त्या काळच्या कोष्टकांत क्रिप्टॉनचा गोठणबिंदू शून्याखाली १६९ आणि क्झेनॉनचा १४० असा दिलेला असे. खरे आकडे १५७.४ व १११.८ आहेत. एकात बारा अंशांची, दुसऱ्यात अठ्ठावीस अंशांची चूक! हाती असलेला वायू चिमूटभर आणि पदार्थ गोठला की त्याची जबानी अस्पष्ट होते, हे वर सांगितलेच आहे. घनरूपाचे बाष्पदाब सावकाशीने मोजण्याचे काम पुढे हॉलंडमधील लायडेन येथे कॅमरलिंग ओनेसच्या प्रयोगशाळेत झाले. तेथे क्रोमेलिन याने १९१० नंतरच्या वर्षांत द्रव आर्गॉनपासून थेट घन आर्गॉनपर्यंत दाबाची रेषा उतरविली. या रेषेत एके ठिकाणी कोपरा येतो. घनाची बाजू द्रवाच्या बाजूपेक्षा अधिक उभी असते, कारण घनातून कण सुटावयास वितळण्याची उष्णताही भरावी लागते. हा कोपरा शून्याखाली १८९.३ अंश व सुमारे ५१७ मिलिमीटर दाबावर पडतो. तेथे घन, द्रव व वायू तिन्ही एकत्र राहतात. तो बिंदू इतका अढळ आहे की, १९९० सालच्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीत निरपेक्ष शून्यापासून ८३.८०५८ अंश हा आर्गॉनचा बिंदू एक खुंटा म्हणून ठोकलेला आहे, आणि तापमापक त्यावर पारखून घेतात. एके काळी आर्गॉन आहे की नाही हे ठरविण्यासाठी उष्णमान मोजावे लागे. आता उष्णमान ठरविण्यासाठी आर्गॉन गोठवितात.

या मालिकेत हेलियम मात्र एकटाच बाहेर राहिला. ओनेसने १० जुलै १९०८ रोजी तो द्रव केला, परंतु कितीही थंड केला तरी आपल्या वाफेच्या दाबाखाली तो गोठेना. १९२६ साली लायडेनलाच केसॉम याने तो घन केला तो पंचवीस वातावरणांहून अधिक दाब देऊन. अर्थात घन हेलियमवर त्याची वाफ कधी उभीच राहत नाही, आणि घनरूप निष्क्रिय वायूंच्या बाष्पदाबाच्या कोष्टकात त्याची जागा कायमची रिकामी आहे. विजयदुर्गास ज्याचा अभिमान तोच या पंक्तीत बसत नाही, हा एक गमतीचा योग.

रॅम्झे-ट्रॅव्हर्स यांचा आपल्या देशाशी जो संबंध आला तो थोडक्यात सांगितला पाहिजे. वर सांगितलेला निबंध लंडनला सादर झाला त्याच हिवाळ्यात रॅम्झे हिंदुस्थानात आला होता. मुंबईचे जमशेटजी टाटा यांना उच्च संशोधनाची संस्था काढावयाची होती व तिच्यासाठी जागा सुचविण्याकरिता त्यांनी त्यास बोलाविले होते. त्याने बंगळूर सुचविले. टाटा १९०४ साली वारले. संस्था १९०९ साली स्थापन झाली. तिचा पहिला संचालक म्हणून १९०६ च्या अखेरीसच मॉरिस ट्रॅव्हर्स नेमला गेला होता. ज्याने क्झेनॉनचे थेंब मोजले त्याच्या वाट्यास आता विटा, चुना, नकाशे आणि मंडळाच्या सभा आल्या. मतभेद वाढत गेले आणि १९१४ साली तो राजीनामा देऊन परत गेला. बंगळूरच्या त्या भव्य दगडी इमारतीपुढे उभे राहणाऱ्या पाहुण्यांपैकी किती जणांस ठाऊक असते की, हिच्या पहिल्या संचालकाचे खरे कर्तृत्व एका मुठीत मावेल एवढ्या कुपीत आहे!

हे सर्व आम्ही भाच्यास दोन रात्री सांगितले. त्याच्या कारखान्यातील आर्गॉन आजही हवा द्रव करून, तिचे ऊर्ध्वपातन करूनच मिळतो. ऑक्सिजन शून्याखाली १८३ अंशांवर उकळतो आणि आर्गॉन १८५.९ वर, या तीन अंशांच्या फटीतून त्यास बाहेर काढावयाचे म्हणून मनोरे उंच बांधावे लागतात. भाच्याला मनोऱ्याची गोष्ट पटली, मेटार्गॉनची आवडली, आणि कापराची त्याने आपल्या आईस जाऊन सांगितली. जाताना तो म्हणाला, “मामा, मग विजयदुर्गाच्या कट्ट्यांचे काय करायचे?”

आम्ही म्हटले, “कट्टे असू देत. लॉकियरचे नावही असू दे. कोणी पाटी लावणार असेल तर तिच्यावर साल तेवढे १८९८ घालावयास सांग.”